आजोबा रुग्णालयात अचानक बरळू लागले, तर?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्री साडेनऊला दवाखाना बंद करून निघालो होतो, तेवढ्यात डोंबिवली पूर्वेला राहणाऱ्या माझ्या एका जुन्या रुग्णाच्या मुलाचा फोन आला. आवाज रडवेला झाला होता. "डॉक्टर, बाबांना वेड लागलंय. त्यांना ठाण्याला दाखवावं लागेल का?"

'ठाण्याला दाखवणे' म्हणजे काय, हे आपल्या जिल्ह्यातल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. ठाण्याचे मनोरुग्णालय 1901 साली सुरू झाले, आणि तेव्हापासून शहराच्या नावाला हा अर्थ कायमचा चिकटला. मी मुलाला म्हणालो, "आधी मला येऊ दे."

काका 76 वर्षांचे. उभा जन्म डोंबिवली ते व्हीटी असा लोकलने प्रवास केलेले, हिशेबाला चोख, आजही घरची वीजबिले स्वतः तपासणारे. चार दिवसांपूर्वी बाथरूममध्ये घसरून खुब्याचे हाड मोडले, दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली आणि ती उत्तम झाली. तिसऱ्या रात्रीपासून मात्र काका पलंगावरून उतरू पाहू लागले. "सोडा मला, माझी सातची फास्ट चुकेल," असा त्यांचा धोशा. सलाईनच्या स्टँडला ते गाडीतली दांडी समजून घट्ट धरीत होते. छतावरून मुंग्या खाली येताहेत म्हणून पांघरूण झटकत होते. काकूंना "तुम्ही कोण?" असे विचारले, तेव्हा त्या माऊलीचा धीर सुटला. मी पोहोचलो तेव्हा काकांचे दोन्ही हात बँडेजच्या पट्टीने पलंगाला बांधलेले होते.

मी तपासले तेव्हा त्यांच्या 'वेडा'ची कारणे एकामागून एक सापडत गेली. पाच दिवस शौचाला झालेली नव्हती. लघवीची नळी तशीच होती, वास्तविक तिची गरज संपली होती. दुखते का, असे विचारले की काका नाही म्हणत, कारण त्यांचा स्वभावच तसा. पण पाय हलवला की चेहरा पिळवटत होता. सर्दीसाठी रात्री एक गोळी सुरू होती. रक्तदाबाच्या त्यांच्या रोजच्या गोळीत लघवी वाढवणारे औषध होते आणि जेवण जवळजवळ बंद होते. मी तिथल्या डॉक्टरांना विनंती केली, त्यांनी रात्रीच रक्त पाठवले, तर सोडियम 122 आले. ते 135 ते 145 च्या दरम्यान हवे. शिवाय चष्मा आणि कानाचे यंत्र 'इथे हरवेल' म्हणून मुलाने घरी नेऊन कपाटात ठेवले होते. म्हणजे ज्याला धड दिसत नाही, धड ऐकू येत नाही, अशा माणसाला अनोळखी खोलीत, अर्धवट अंधारात बांधून ठेवलेले. वाचकहो, आपल्यापैकी धडधाकट माणसाचेही तिथे काय होईल, याचा विचार करा.

या अवस्थेला वैद्यकशास्त्रात डेलिरियम म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ मोठा बोलका आहे: नांगर तासातून बाहेर जाणे. आपल्या आजी-पणजी याच अवस्थेला 'वात झाला' म्हणत. विषमज्वरात तिसऱ्या आठवड्यात माणूस पुटपुटू लागे, अंथरूण चाचपडू लागे, तेव्हा घरातली जाणती माणसे घाबरून जात. ते घाबरणे बरोबर होते. वात झाला म्हणजे दुखणे वाढले, एवढे त्यांना पक्के ठाऊक होते. आपण शिकलेली माणसे मात्र 'वय झालं', 'चळ लागला', 'हॉस्पिटल मानवलं नाही' असे म्हणून मोकळे होतो. कोणी बाहेरचे बघायला निघतात. त्यात मोलाचे दोन दिवस जातात.

तर पहिली गोष्ट ही, की हा मनाचा आजार नव्हे, शरीराच्या दुखण्याने मेंदूवर पाडलेला ताण आहे. हृदयाला भार झेपला नाही की धाप लागते, मूत्रपिंडाला झेपला नाही की सूज येते, तसेच मेंदूला झेपले नाही की माणूस भ्रमतो. तरुण मेंदूजवळ शिल्लक भरपूर असते, त्यामुळे तरुणाला असा भ्रम व्हायला मोठे दुखणे लागते. सत्तरीपुढे शिल्लक कमी झालेली असते. विसरभोळेपणाचा आजार, म्हणजे डिमेन्शिया, आधीपासून असेल तर ती फारच थोडी उरते. अशा माणसाला लघवीचा साधा जंतुसंसर्ग किंवा नुसते बद्धकोष्ठसुद्धा पुरते. हे प्रमाण किरकोळ नाही. रुग्णालयातल्या सर्वसाधारण वॉर्डात दाखल झालेल्या वृद्धांपैकी साधारण चार-पाचांत एकाला हा त्रास होतो. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर आणि अतिदक्षता विभागात तो त्याहून बराच जास्त आढळतो.

डेलिरियम आणि डिमेन्शिया यांत गल्लत नेहमी होते. डिमेन्शिया वर्षानुवर्षे हळूहळू वाढतो. डेलिरियम तासा-दोन दिवसांत येतो, आणि दिवसभरात कमी-जास्त होत राहतो. सकाळी माणूस बरा बोलतो, दिवेलागणीनंतर बिघडतो, मध्यरात्री त्याचा कहर होतो. याचा तोटा असा की मोठे डॉक्टर सकाळी दहाला राऊंडला येतात तेव्हा रुग्ण त्यांना नमस्कार करून "बरं आहे" म्हणतो. मग फाईलीत 'ठीक' असा शेरा पडतो. रात्री काय झाले ते फक्त उशाशी बसलेल्या नातेवाइकाला ठाऊक असते, आणि तो बिचारा डॉक्टरांपुढे बोलायला संकोचतो. कृपा करून संकोचू नका. "डॉक्टर, परवापर्यंत हे असे नव्हते," हे एक वाक्य एखाद्या महागड्या तपासणीपेक्षा जास्त सांगून जाते.

आरडाओरडा करणाऱ्या रुग्णाकडे निदान सगळ्यांचे लक्ष तरी जाते. दुसरा प्रकार गप्प पडून राहणाऱ्यांचा आहे, आणि माझ्या मते तोच जास्त घातक. याबाबतीत माझीच एक चूक सांगतो. सुमारे वीस वर्षांपूर्वीची. कल्याणला पारनाक्याजवळच्या एका वाड्यातल्या ऐंशीच्या आजी. त्यांची सून दवाखान्यात येऊन म्हणाली, "आई दोन दिवस गप्प गप्प आहेत. ताटावर बसल्या तरी घास हातातच राहतो. बोललं की बघतात नुसत्या." मी घरी जाऊन पाहिले. ताप नव्हता, खोकला नव्हता, रक्तदाब बरा होता. घाईत होतो. "वय झालं, आता असंच चालायचं," असे म्हणून शक्तीचे औषध लिहून दिले. छाती पाठीकडून नीट ऐकली नाही. श्वास मोजले नाहीत. तिसऱ्या दिवशी आजींना दाखल करावे लागले. उजव्या फुप्फुसाला न्यूमोनिया होता. सहाव्या दिवशी त्या गेल्या. म्हातारपणी न्यूमोनियात ताप येतोच असे नाही, हे मी पुस्तकात वाचलेले होते. सुनेने मला जे सांगितले होते ते निदानच होते, फक्त तिच्या शब्दांत. ती अजून माझ्याकडे औषधाला येते. तिने त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही, आणि मीही काढू शकलो नाही.

तेव्हापासून गप्प झालेल्या वृद्धाला मी एक साधी परीक्षा देतो. घरच्यांनाही ती करता येईल. आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगायचे: शनिवार, शुक्रवार, गुरुवार... ज्यांना जमण्यासारखे आहे त्यांना महिने उलटे म्हणायला सांगावे. इंग्रजी पुस्तकांत डिसेंबरपासून मागे जा असे सांगितलेले असते, पण आपल्या आजींना फाल्गुन, माघ, पौष असे विचारावे. जानेवारी-डिसेंबर न येणे हा काही आजार नव्हे. डेलिरियममध्ये लक्ष टिकत नाही, म्हणून माणूस दोन-तीन वारांनंतर हरवतो, किंवा मध्येच सुलटा म्हणू लागतो. जी बाई चाळीस वर्षे संकष्टी करते, तिला चतुर्थी कधी होऊन गेली हे सांगता आले नाही, तर तेही लक्षात घ्यावे. मात्र कालपर्यंत जे येत होते ते आज येत नाही, एवढ्यालाच महत्त्व आहे.

उपचार म्हणजे कारण शोधणे. डॉक्टर छाती, लघवी, रक्तातली साखर, सोडियम, प्राणवायू हे सारे पाहतील. लघवी तुंबली आहे का, शौचाचा खडा झाला आहे का, कुठे दुखते आहे का, हेही पाहतील. 'सोडियम कमी झालं' हे शब्द हल्ली घरोघरी झाले आहेत. त्यावर मनाने मिठाचे पाणी पाजू नका. सोडियम घाईने वाढवले तर मेंदूला इजा होते, ते मोजूनमापून डॉक्टरांनाच करू द्या.

औषधांबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण इथे नातेवाइकांच्या हाती बरेच आहे. दाखल करताना घरातली सगळी औषधे एका पिशवीत घालून न्या. सगळी म्हणजे सगळी: डोळ्यांचे थेंब, आयुर्वेदिक काढा, शेजाऱ्यांनी दिलेली झोपेची गोळी, सर्दीची, खाजेची, पोटात मुरडा येतो त्याची. सर्दी-खाजेच्या जुन्या पद्धतीच्या गोळ्या, उदाहरणार्थ क्लोरफेनिरामिन, तरुणाला फक्त पेंग आणतात. म्हाताऱ्या माणसाचे त्या तोंड कोरडे करतात, लघवी अडवतात आणि मेंदू धूसर करतात. झोपेच्या गोळ्यांचे दुहेरी आहे. नव्याने दिल्या तर भ्रम वाढवतात. उलट जो माणूस दहा वर्षे रोज रात्री अल्प्राझोलम घेतो आणि कोणाला सांगत नाही, त्याची गोळी दाखल झाल्यावर एकाएकी बंद पडली की दोन-तीन दिवसांत तो थरथरू आणि बरळू लागतो.

दारूचेही असेच. एका सुखवस्तू घरातल्या गृहस्थांना हर्नियाच्या शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशी दरदरून घाम फुटला, हात कापू लागले, भिंतीवर किडे दिसू लागले. घरच्यांनी डॉक्टरांना 'निर्व्यसनी' असे सांगितले होते. रोज संध्याकाळचे दोन-तीन पेग व्यसनात धरायचे असतात, हे त्यांच्या गावीही नव्हते. यात जिवाला धोका असतो आणि याचे उपचार वेगळे असतात, म्हणून डॉक्टरांपासून हे लपवू नये. बाहेर बसलेल्या व्याह्यांसमोर सांगू नका, डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगा.

आता न होऊ देण्याबद्दल. हा त्रास दर शंभरांपैकी तीस-चाळीस जणांत टाळता येण्यासारखा असतो, असे तज्ज्ञांचे मत आहे. अमेरिकेत येल विद्यापीठाशी संलग्न रुग्णालयात डॉ. शॅरन इनोये यांनी सत्तरीच्या पुढच्या 852 रुग्णांवर एक अभ्यास केला. तो 1999 मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीची शुश्रूषा मिळालेल्यांत 15 टक्के रुग्णांना डेलिरियम झाला, आणि विशेष काळजी घेतलेल्यांत 10 टक्क्यांहून किंचित कमी. ही विशेष काळजी म्हणजे कुठले नवे इंजेक्शन नव्हते. चष्मा आणि कानाचे यंत्र लावणे, पाणी पाजणे, दिवसातून तीनदा उठवून चालवणे, आजचा वार-तारीख सांगत गप्पा मारणे, आणि रात्री झोपेच्या गोळीऐवजी कोमट दूध, मंद संगीत आणि पाठ चोळणे! हे करायला तिथे स्वयंसेवकांना शिकवून तयार करावे लागले. आपल्याकडे उशाशी माणूस असतोच. मात्र तो हल्ली मोबाईलमध्ये मान घालून बसलेला असतो.

तेव्हा चष्मा, कानाचे यंत्र आणि कवळी रुग्णाबरोबर न्या. हरवण्याची भीती वाटत असेल तर डबीवर नाव लिहा. भिंतीवर कालनिर्णय आणि एक मोठे घड्याळ लावा. घरची चादर, रोजची पाण्याची लोटी, देवाची छोटी तसबीर यांनी खोली ओळखीची होते. दिवसा पडदे उघडे ठेवा. डॉक्टरांची परवानगी मिळताच खुर्चीत बसवा, चार पावले चालवा. रात्री मोठे दिवे आणि टीव्ही बंद, पण मिणमिणता दिवा राहू द्या. रात्री दोनला रक्तदाब मोजणे खरोखर आवश्यक आहे का, असे सिस्टरना नम्रपणे विचारायला हरकत नाही. लघवीची नळी कधी काढणार, हेही रोज विचारा. भेटायला येणाऱ्यांची रीघ नको. एक-दोनच ओळखीचे चेहरे आळीपाळीने असावेत. मुलगा परदेशातून व्हिडिओवर बोलत असेल तर सकाळी बोलावा, रात्री नको. त्या चौकटीतल्या बोलक्या चेहऱ्याने भ्रमातला माणूस आणखी गोंधळतो, हे मी पाहिले आहे.

आणि भ्रम झालाच, तर वाद घालू नका. "सातची फास्ट कसली, तुम्ही रिटायर होऊन अठरा वर्षं झाली," असे काकांना त्यांचा मुलगा जितके ओरडून सांगत होता तितके ते चवताळत होते. काकूंनी मात्र हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "आज रविवार आहे हो. मी इथेच आहे. दूध घेता?" तो खरोखरच रविवार होता. काका निवळले.

हात-पाय बांधण्याबद्दल माझे मत कडक आहे. बांधल्याने माणूस आणखी घाबरतो, झटापट करतो, कातडी सोलवटते, आणि पडून दुखापत होण्याचे टळतेच असे नाही. जवळ माणूस बसवणे हा त्यावरचा उपाय आहे. हॅलोपेरिडॉलसारखे औषध डॉक्टर कधीकधी अगदी थोड्या मात्रेत देतात, जेव्हा रुग्ण स्वतःला किंवा इतरांना इजा करील अशी भीती असते. त्याने डेलिरियम बरा होत नाही, वेळ निभावते. कंपवात, म्हणजे पार्किन्सन असलेल्यांना ते बाधते, म्हणून तो आजार असल्यास आधी सांगा. "डॉक्टर, झोपेचं इंजेक्शन देऊन टाका" असा आग्रह नातेवाईकच धरतात, हेही मला इथे सांगितले पाहिजे.

माणूस जवळ नसला की काय होते, हे आपण सर्वांनी 2020 मध्ये कोविडच्या काळात पाहिले. अमेरिकेत त्या वर्षी तातडीच्या विभागात आलेल्या 65 वर्षांवरील 817 कोविड रुग्णांची पाहणी झाली. त्यांतल्या 28 टक्के रुग्णांना येतानाच डेलिरियम होता, काहींना तर ताप-खोकलाही नव्हता. आपल्याकडे वृद्ध दाखल झाले ते एकटे. आजूबाजूला पांढऱ्या पोशाखातली, चेहरा न दिसणारी माणसे. बरे होऊन परतलेल्या एका आजींनी मला सांगितले, की त्यांना आपण मेलो आहोत आणि ही यमलोकातली माणसे आहेत, असेच चार दिवस वाटत होते.

बदलापूर, टिटवाळा, कर्जत या बाजूला आता वृद्धांचा सांभाळ करणारी अनेक केंद्रे आहेत. डोंबिवली-ठाण्याची कितीतरी मंडळी आई-वडिलांना तिथे ठेवतात. त्यात मी गैर काही मानत नाही. पण ठेवताना एका कागदावर त्यांची नेहमीची अवस्था लिहून द्या: स्वतः जेवतात का, काठीने चालतात का, नावे ओळखतात का, रात्री किती वेळा उठतात, कोणत्या नावाने हाक मारलेली आवडते. तिथली मावशी दर बारा तासांनी बदलते. आजचे आजोबा कालच्यापेक्षा वेगळे आहेत, हे तिला त्या कागदाशिवाय कळणार कसे? तिथे दुसरी अडचण पाण्याची. सारखे लघवीला जावे लागू नये म्हणून म्हातारी माणसे पाणीच पीत नाहीत, आणि सांभाळणाऱ्यांनाही ते सोयीचे पडते. हृदयासाठी किंवा मूत्रपिंडासाठी पाणी मोजून प्यायला सांगितले नसेल, तर दर दोन तासांनी अर्धा पेला पाणी, ताक किंवा सरबत हातात द्यावे. भेटायला जाल तेव्हा शौचाला कधी झाली ते विचारा, आणि सहा महिन्यांतून एकदा सगळ्या गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवा. डिमेन्शिया असलेले आजोबा एकाएकी जास्त बिघडले, तर 'आजार वाढला' असे न समजता त्याच दिवशी तपासून घ्या.

भ्रम उतरायला वेळ लागतो. काहींचा दोन-चार दिवसांत जातो, काहींना आठवडे, क्वचित महिने लागतात. ज्यांना तो होऊन गेला त्यांच्यात पुढे डिमेन्शिया होण्याचे प्रमाण जास्त असते, म्हणून दोन-तीन महिन्यांनी स्मरणशक्ती तपासून घ्यावी. मधल्या काळात बँकेचे, जागेचे, मृत्युपत्राचे कोणतेही कागद सहीसाठी पुढे करू नयेत. गाडी चालवू देऊ नये. आणि भ्रमात ते काय बोलले, याच्या गमती पाहुण्यांना सांगू नयेत. पुष्कळांना सारे आठवत असते.

काकांचा भ्रम पाचव्या दिवशी उतरला. बद्धकोष्ठ गेले, नळी काढली, सर्दीची गोळी बंद केली, दुखण्यावर वेळच्या वेळी औषध सुरू झाले, सोडियम तिथल्या डॉक्टरांनी सावकाश वर आणले. तीन आठवड्यांनी वॉकर घेऊन दवाखान्यात आले. काकू बाहेर बाकावर बसल्या होत्या. दार लावून घ्यायला सांगून काका हळू आवाजात म्हणाले, "डॉक्टर, मी हिला ओळखलं नाही म्हणे. मुलगा सांगत नाही, हीही सांगत नाही. खरं काय ते तुम्ही सांगा." मी जे घडले ते सांगितले, सोडियमच्या आकड्यासकट. त्यांनी तो आकडा कागदावर लिहून घेतला, 135 मधून 122 वजा केले, आणि म्हणाले, "म्हणजे तेराने चुकलं होतं." मग त्यांनी काकूंना आत बोलावले.